अमेलियाचे आजोळ

आजोळ हा आपल्या भाषेतला मोठा भाग्यवान शब्द आहे. आईच्या माहेरासाठी मुलांना स्वतंत्र नाव हवे असे आपल्या पूर्वजांना वाटले, आणि त्यांनी ते देऊनही टाकले. इंग्रजीत या अर्थाचा एकेरी शब्द नाही. ज्या घराविषयी मी आज लिहिणार आहे, त्या घराच्या दारावरच्या पाटीवर ‘जन्मस्थान’ असा उल्लेख आहे. तो खराच आहे, परंतु अपुरा आहे. अमेलिया एअरहार्ट या जगप्रसिद्ध वैमानिक स्त्रीचे ते आजोळ. ती तिथे नुसती जन्मली नाही. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंतचा बहुतेक काळ ती तिथेच आजी-आजोबांच्या छत्राखाली वाढली. सुटीत फक्त आईवडिलांकडे जावयाचे आणि शाळा सुरू झाली की परत आजीकडे यावयाचे, असा तिचा क्रम होता. आपल्याकडे मुले सुटीत आजोळी जातात. हिचे सगळे उलटे!

अमेलिया एअरहार्ट म्हटले की बहुतेकांना तिचा शेवट आठवतो. 1937 साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले तिचे विमान प्रशांत महासागरावर नाहीसे झाले आणि आजतागायत सापडले नाही. या एका कोड्याने तिचे बाकीचे सारे आयुष्य झाकून टाकले आहे. एखाद्या माणसाचा आपल्याला फक्त मृत्यूच ठाऊक असावा, हा मला तरी त्या माणसावर अन्याय वाटतो. म्हणून अमेरिकेत भाचीकडे गेलो असता मोकळा दिवस मिळाला, तेव्हा मी तिला म्हटले, “मला तुमची मोठमोठी दुकाने नकोत. मला ॲचिसनला ने.”

भाची राहते कॅन्सस सिटीला. तिथून ॲचिसन वायव्येला सुमारे पन्नास मैल. मोटारीने तासाभराची वाट. दोन्ही बाजूंना शेते आणि त्यांवर टेकलेले अफाट आकाश. गाव लहानसे, मिसूरी नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले. पलीकडचा काठ मिसूरी राज्याचा, अलीकडचा कॅन्ससचा. नदीवरून जो पूल गावात येतो त्यालाही अमेलियाचेच नाव आहे. जुना पूल 1997 साली तिच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पुढे तो पाडला, आणि 2012 साली खुल्या झालेल्या नव्या पुलाने तेच नाव चालू ठेवले. काही रस्ते अजून विटांनी बांधलेले आहेत. आज शांत दिसणारे हे गाव एके काळी मोठे धामधुमीचे होते. पुढे अमेरिकेत नामांकित झालेल्या ‘ॲचिसन, टोपेका अँड सांता फे’ या रेल्वेच्या नावातले पहिले गाव ते हेच. त्या कंपनीची सनद 1859 सालची.

नदीकाठी उंच कड्यावर ते घर उभे आहे. पांढरे, लाकडी, दुमजली, उतरत्या छपराचे. 1861 साली ते बांधले गेले. त्याच वर्षी कॅन्सस हे संघराज्यातले राज्य झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्धही पेटले. घराचे मालक आल्फ्रेड ओटिस हे न्यायाधीश होते, नंतर गावच्या बँकेचे अध्यक्ष झाले. गावात त्यांच्या शब्दाला वजन होते. त्यांची कन्या एमी हिने 1895 साली एडविन एअरहार्ट या तरुण वकिलाशी लग्न केले. एडविन हुशार होता, बोलका होता, पण खिसा रिकामा. रेल्वेच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांची कामे करून तो पोट भरी. न्यायाधीशसाहेबांना हा जावई काही पसंत पडला नाही. जावई हा दहावा ग्रह असे आपण म्हणतो. तिथे सासराच जावयाच्या राशीला बसला होता.

एमीचे पहिले मूल गेले. दुसऱ्या खेपेला ती बाळंतपणासाठी आईकडे आली. हे वाचून आपल्या घरोघरच्या आयाबहिणींना मुळीच नवल वाटणार नाही. 24 जुलै 1897 रोजी या घरात मुलगी जन्मली. दोन्ही आज्यांची नावे एकत्र करून तिचे नाव ठेवले ‘अमेलिया मेरी’. त्यातले अमेलिया हे आईच्या आईचे. अडीच वर्षांनी धाकटी म्युरिएल झाली. अमेलियाच्या आजीने तेवढ्या काळात जवळची माणसे गमावली होती. मोठ्या घरात तिला एकाकी वाटे. तेव्हा थोरल्या नातीला आजीकडे ठेवावे असे ठरले. मुलीला आजी मिळाली, आजीला सोबत मिळाली, आणि तुटपुंज्या प्राप्तीच्या जावयाच्या घरातले एक पान कमी झाले. अशा व्यवस्थेत कोणी कोणावर उपकार केला हे कधीच ठरत नसते.

वरच्या मजल्यावर अमेलियाची कोपऱ्यातली खोली आहे. खिडकीतून खाली नदी दिसते. बरोबर आलेली भाचीची सात वर्षांची मुलगी त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मामाआजोबा, इथून सगळे खालीच दिसते!” मी पुढे होऊन पाहिले. तिचे खरे होते. कड्यावरच्या त्या घरातून नदी, झाडे, पलीकडच्या तीरावरची शेते, सगळे वरूनच पाहावे लागते. घरामुळेच ती वैमानिक झाली असे मी म्हणणार नाही; खिडकीमुळे माणसे थोर होत असती तर जगात थोरांची वाण पडली नसती. पण उंचीचे भय ज्या वयात मनात शिरते, त्या वयात ही मुलगी रोज सकाळी उठून उंचीवरून खाली पाहत होती, एवढे मात्र खरे.

घराभोवती कुंपण होते आणि त्या कुंपणावरून उडी मारणे हा अमेलियाचा आवडता उद्योग होता. आजीला तो बिलकूल खपत नसे. आपण लहानपणी गावच्या चौकात चाक फिरविण्यापलीकडे कधी काही धाडस केले नाही, असे तिने नातीला ऐकविले होते. हे ऐकून आपण मुलीसारखी मुलगी राहिलो नाही असे अमेलियाला घटकाभर वाटे, मग काही वेळ ती फाटकातून वळसा घालून जाई, आणि पुन्हा कुंपण होतेच. आई एमी मात्र निराळ्या विचारांची. तिने दोघी मुलींना निळ्या फ्लॅनेलचे, ढगळ विजारींचे खेळाचे पोशाख शिवून दिले. त्या काळी भल्या घरच्या मुली लांब झगे घालीत. हे विजारीचे प्रकरण पाहून गावातल्या इतर मुली नाके मुरडीत. मुलींना मोकळेपणाने धावता यावे म्हणून एका आईने शिवलेली विजार ही विमानाच्या इतिहासात कोणी नोंदवीत नाही, पण मला ती एखाद्या इंजिनाइतकीच महत्त्वाची वाटते.

हिवाळ्यात बर्फ पडे. मग टेकडीच्या उतारावरून घसरगाड्या सुटत. मुलींनी गाडीवर ताठ बसून घसरावे आणि मुलांनी पालथे पडून डोके पुढे करून घसरावे, असा शिष्टाचार होता. अमेलिया पालथी पडून घसरे. एकदा ती अशीच वेगाने खाली येत असता आडव्या गल्लीतून भंगारवाल्याची घोडागाडी निघाली. घोड्याच्या डोळ्यांना झापडे. गाडीवानाला हाक ऐकू गेली नाही. थांबावयास जागा नाही, वळावयास वाव नाही. मुलगी घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांमधून सुर्रकन् पलीकडे निघून गेली! ताठ बसली असती तर घोड्याच्या बरगड्यांवर आपटली असती. पुढे स्वतःच्या पुस्तकात तिने ही हकीकत मोठ्या मिस्कीलपणे लिहिली आहे. शिष्टाचार मोडल्यामुळे जीव वाचल्याचे असे उदाहरण दुर्मिळच.

पण या आजोळातली मला सर्वांत प्रिय वाटलेली गोष्ट निराळीच आहे. आजोबांच्या तबेल्यात एक जुनी, वापरातून गेलेली घोडागाडी पडून होती. अमेलिया, म्युरिएल आणि त्यांच्या नात्यातल्या बहिणी त्या गाडीत बसून प्रवासाला निघत. घोडे नाहीत, चाके जागची हलत नाहीत, पण प्रवास चालू! वाटेत संकटे येत, हल्ले होत, मुली आरडाओरडा करीत. नकाशेही असत. त्या खेळाला त्यांनी ‘बोगी’ असे नाव ठेवले होते. नकाशावरची अनोळखी नावे उच्चारण्यातच त्यांना विलक्षण गोडी वाटे, आणि त्यातही आफ्रिकेतली नावे अधिक लाडकी: सेनेगल, तिम्बक्तू, एल फाशेर, खार्टूम.

आपल्याकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. हळीव पेरतात, मावळे मांडतात, आणि चार विटांच्या त्या ढिगाऱ्याला ‘प्रतापगड’ म्हणतात. त्या मुलांना ‘हा खोटा किल्ला’ असे सांगून पाहा, ती तुमच्याकडे दयेने पाहतील. तबेल्यातल्या त्या मोडक्या गाडीची जातकुळी हीच. वर्गात भूगोल शिकविताना मी नेहमी पाहतो, नकाशावरच्या नावाला बोट लावून ते दोनतीनदा पुटपुटणारे एखादे मूल असते. परीक्षेत त्याला फार गुण मिळतातच असे नाही. पण तिथे जावयाचे कसे, हे विचारणारे तेच असते.

या सुखाच्या दिवसांना पुढे दृष्ट लागली. वडील एडविन दारूच्या आहारी गेले. 1914 साली त्यांची रेल्वेतली नोकरी सुटली आणि संसाराची ससेहोलपट सुरू झाली. आजीही वारली. मुलीचा वाटा जावई दारूत उडवील या भयाने तिने मृत्युपत्रात तो विश्वस्तांच्या ताब्यात देऊन ठेवला होता. घराचा आणि सामानाचा लिलाव झाला. आपले बालपण तिथे संपले, असे पुढे अमेलिया म्हणत असे. गाव बदलत, शाळा बदलत 1916 साली ती शिकागोच्या शाळेतून उत्तीर्ण झाली. त्या दिवसांत ती वर्तमानपत्रांतली कात्रणे काढून वहीत चिकटवी. ज्या कामांत पुरुषांचीच मक्तेदारी होती, त्यांत नाव काढणाऱ्या स्त्रियांची ती कात्रणे. घर लिलावात गेलेल्या मुलीने स्वतःपुरते बांधलेले ते दुसरे घर, असे मला वाटते.

पुढचा इतिहास बहुश्रुत आहे. तरी धावता सांगतो. पहिल्या महायुद्धात टोरंटोच्या लष्करी रुग्णालयात तिने शुश्रूषेचे काम केले. 1920 सालच्या डिसेंबरात कॅलिफोर्नियात ती प्रथम विमानात बसली. दहा मिनिटांच्या त्या फेरीला दहा डॉलर पडले. जमीन सुटताच आपल्याला उडायचे आहे हे तिने ओळखले. लगेच 1921 च्या जानेवारीत नेटा स्नूक या वैमानिक स्त्रीकडे तिने शिकवणी धरली. पडेल ते काम करून पैसे साठविले, पिवळ्या रंगाचे एक लहान विमान घेतले आणि त्याचे नाव ठेवले ‘कॅनरी’. 1922 साली ती चौदा हजार फूट उंचीवर गेली. स्त्रियांमध्ये तो विक्रम होता. 1928 साली विमानाने अटलांटिक ओलांडणारी पहिली स्त्री म्हणून तिचे नाव जगभर झाले. परंतु त्या विमानाचे सुकाणू दोघा पुरुषांच्या हाती होते, आणि आपण केवळ बटाट्याच्या पोत्यासारख्या आत पडून होतो हे तिने स्वतःच सांगून टाकले. हारतुरे गळ्यात पडत असता असे बोलावयास धैर्य लागते.

तो ऋणभार तिने 1932 साली फेडला. 20 मे रोजी न्यूफाउंडलंडमधून ती एकटी निघाली. वाटेत उंची दाखविणारे यंत्र बंद पडले, पंखांवर बर्फ धरले, धुराड्याच्या फुटक्या सांध्यातून ज्वाळा दिसू लागल्या. चौदा तास छपन्न मिनिटांनी ती उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात उतरली. एकटीने अटलांटिक पार करणारी ती पहिली स्त्री. ते लाल विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आजही आहे.

त्याच 1932 सालच्या 15 ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले आणि टाटांच्या हवाई टपालसेवेला आरंभ झाला. त्याच कराचीत 15 जून 1937 रोजी अमेलिया उतरली. ती पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेवर होती आणि तांबड्या समुद्राकाठच्या आसाबहून एका दमात तिथे येऊन पोचली होती. असे उड्डाण तोवर कोणी केले नव्हते. कराची तेव्हा अखंड हिंदुस्थानात होती. वर्षापूर्वीपर्यंत ती मुंबई इलाख्याचाच भाग होती, आणि अनेक मराठी कुटुंबे तिथे नांदत होती. त्या मुक्कामात अमेलियाने उंटावर बसून पाहिले. 17 तारखेला ती कलकत्त्याकडे निघाली. वाटेत गरुडासारखे काळे पक्षी विमानाभोवती घिरट्या घालीत होते, असे तिने लिहून ठेवले. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर आपल्या मोसमी पावसाने तिला गाठले आणि एकदा मागे फिरावयास लावले. आपला पाऊस पाहुण्यांचीही भीड धरीत नाही!

कराचीला येण्यापूर्वीच्या आठवड्यात मात्र एक विलक्षण गोष्ट घडली होती. आफ्रिका ओलांडताना ती सेनेगलात उतरली, एल फाशेरला उतरली, खार्टूमला उतरली. मांडीवरचा नकाशा पाहताना तिला ॲचिसनचा तबेला आठवला. ती जुनी गाडी, त्या नात्यातल्या बहिणी, ती तोंडात घोळविलेली नावे. तीस वर्षांमागे न हलणाऱ्या गाडीत बसून जिथे जिथे ती गेली होती, तिथे ती आता खरोखर येऊन पोचली होती. तिच्या मागे निघालेल्या ‘लास्ट फ्लाइट’ या पुस्तकात ही आठवण आहे. हे वाचल्यापासून तिचा शेवट मला पूर्वीसारखा वाटेनासा झाला. पुढे जे झाले ते दुःखाचे खरेच. 2 जुलै रोजी न्यू गिनीतल्या ले गावाहून ती आणि तिचा मार्गदर्शक फ्रेड नूनन हाउलंड बेटाकडे निघाले. अडीच हजार मैलांवरचे बेट, लांबी जेमतेम दीड मैल. बेटाजवळच्या ‘इटास्का’ जहाजाला तिचा आवाज ऐकू येत होता, पण त्यांचे शब्द तिला समजत नव्हते. प्रदक्षिणेचे सुमारे बावीस हजार मैल झाले होते, सात हजार उरले होते. चाळीसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. आरमाराने अडीच लाख चौरस मैल समुद्र धुंडाळला. 1939 च्या जानेवारीत कायद्याने तिला मृत ठरविले. अजूनही शोध चालू असतो. 2024 च्या प्रारंभी समुद्रतळाशी विमानासारखी आकृती दिसल्याची वार्ता आली, आणि वर्ष संपण्याच्या आत तो खडक निघाला.

लिलावात गेलेले ते घर मात्र हरवले नाही. 1929 साली अमेरिकेतल्या वैमानिक स्त्रियांनी एक संस्था काढली. आरंभीच्या सभासद नव्व्याण्णव, म्हणून संस्थेचे नावच ‘नाइन्टी-नाइन्स’. अमेलिया तिची पहिली अध्यक्षा. त्याच संस्थेकडे 1984 साली हे घर आले आणि त्याचे संग्रहालय झाले. ज्या घरात कुंपणावरून उडी मारणे मना होते, त्याची मालकी विमाने उडविणाऱ्या बायकांकडे गेली! आजीबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या? मला वाटते, आधी कपाळाला हात लावला असता आणि मग सगळ्यांना जेवावयास थांबवून घेतले असते.

गावाने तिची आठवण नाना परींनी जपली आहे. 1976 साली लावलेले ‘मैत्रीचे वन’ आहे, तिथे अमेरिकेतल्या सर्व राज्यांची आणि अनेक देशांची झाडे आहेत. वॉशिंग्टनला संसद भवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. कॅन्ससतर्फे तिथे सेनेटर इंगल्स यांचा पुतळा होता. 2022 साली तो हलवून त्या जागी अमेलियाचा पुतळा बसविला. इंगल्सही ॲचिसनचेच! पुतळा बदलला, गाव बदलले नाही.

परतण्यापूर्वी गावाबाहेरच्या विमानतळावर गेलो. तिथे 2023 साली उघडलेले नवे संग्रहालय आहे. आत चकचकीत धातूचे दोन इंजिनांचे विमान उभे आहे. अमेलियाचे हरवलेले विमान ज्या जातीचे, त्या लॉकहीड इलेक्ट्रा 10-ई जातीचे जगात उरलेले हे एकमेव. मला वाटले होते, याचे नाव अमेलियाच असणार. पण पाटीवर नाव होते ‘म्युरिएल’.

धाकटी बहीण म्युरिएल. त्या न हलणाऱ्या गाडीत थोरलीच्या शेजारी बसून खार्टूमला गेलेली. ती वैमानिक झाली नाही. ती शाळामास्तरीण झाली, मॅसॅच्युसेट्समध्ये वर्षानुवर्षे मुलांना शिकवीत राहिली, बहिणीचे चरित्र लिहिले, आणि शतायुषी होण्यास थोडे उणे असताना 1998 साली वारली. वर्तमानपत्रांनी थोरलीच्या मृत्यूविषयी काहीबाही छापले, तेव्हा खऱ्याखोट्याचा निवाडा करावयास घरचे माणूस म्हणून तीच मागे होती. आजी कशी बोले, कुंपण केवढे होते, गाडीत कोण कुठे बसे, हे जगाला कळले त्यात तिचा वाटा फार मोठा.

मी त्या विमानाजवळ जरा अधिकच वेळ थांबलो. भाची म्हणाली, “मामा, एवढे काय पाहता आहात?” मी म्हटले, “आमच्या धंद्यातल्या बाईंचे नाव विमानावर लिहिलेले पहिल्यांदाच पाहतो आहे.” ती हसली. तिची मुलगी मात्र हसली नाही. ती विमानाच्या खिडकीकडे बोट दाखवीत होती. आत बसता येईल का, एवढेच तिला विचारावयाचे होते.